पंखा मांडीवर

मरोळ गावठाणात बेनेडिक्टच्या कानाची मोठी पत होती. कुणी नवा रेडिओ आणला तरी आधी बेनीला हाक जायची. त्यानं मान डावीकडे कलती करून ऐकायचं, "चालेल" म्हणायचं, मग त्या घरात चहाचं आधण चढायचं. "हा काय डबा उचलून आणला रे?" असं म्हणाला, तर तो बिचारा रेडिओ पुढची दहा वर्षं दार लावून हळू आवाजात ऐकला जायचा.

दिवसा तो साकीनाक्याच्या एका शेडमध्ये पॉवर प्रेसवर पत्र्याच्या डब्यांची झाकणं कापायचा. संध्याकाळी आणि रविवारी अल्फान्सोच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. बेस म्हणजे चार जाड तारांचं गिटार. ते वाजत असताना पाहुण्यांना कळत नाही, थांबलं की नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. "मी पाया," बेनी सांगायचा, "बाकीचे सगळे वरचे पत्रे."

देवानं त्याला कान दिला आणि जिभेला हाड घालायचं विसरला. अल्फान्सोच्या भावानं हौसेनं व्हायोलिन शिकायला घेतलं, तेव्हा बेनी म्हणाला, "ह्यापेक्षा आमच्या प्रेसचा पट्टा बरा रडतो." भावानं व्हायोलिन कपाटावर टाकलं, ते तिथंच झुरळांनी खाल्लं. घाटकोपरहून जयवंत म्हणून एक तरणा कारकून बेस शिकायला यायचा. त्याला पहिल्याच दिवशी विचारलं, "बोटं आहेत की पडवळं?" जयवंत मुकाट्यानं हसला आणि येत राहिला.

पण ह्या जिभेचा पहिला आणि मोठा प्रसाद मिळाला तो ज्युलियाला. त्याच्या बायकोला. आणि तोही लग्नाच्याच दिवशी.

सहासष्ट सालची गोष्ट. ज्युलिया एकोणीस वर्षांची. चर्चच्या क्वायरमध्ये वरचा सूर लागायचा तिथं फादर तिच्याकडे बघायचे. रिसेप्शनला मैत्रिणींनी ढकलून तिला माइकसमोर उभं केलं. मागे नवाकोरा नवरा, कोटाला गुलाब लावून, हौसेनं स्वतःच बेस गळ्यात अडकवून उभा. दोन ओळी झाल्या. तिसरीला बेस थांबला. बेनी पुढे आला, माइक स्वतःकडे वळवला आणि म्हणाला, "लोकहो, काळजी करू नका. स्वैपाक चांगला करते."

अख्खा मांडव हसला. ज्युलियासुद्धा हसली. नवरीनं दुसरं करायचं तरी काय?

त्यानंतर ती माणसांत गायली नाही. क्वायरमध्ये घसा धरतो म्हणून सांगितलं. घरात गायची, पण मोरीतला नळ पूर्ण सोडून, खाली पत्र्याची बादली ठेवून. पाणी असं काही आदळायचं, की त्या आडोशाला माणूस रडलं काय, गायलं काय, बाहेर कुणाला पत्ता लागू नये.

बारा वर्षं असं चाललं. मग एके दिवशी ती ऐन वरच्या सुरात असताना नळाचं पाणी गेलं. धार तुटली, आणि तिचा आवाज एकटाच घरभर उघडा पडला. बाहेरच्या खोलीत बेनी पेपर वाचत होता. आता येणार, ज्युलियाला वाटलं. ती भिंतीला धरून वाट बघत राहिली. काही आलं नाही. पेपराचं पान उलटल्याची सळसळ झाली, बस्स.

दोन दिवस ती पोरीसारखी वागली. ठेवणीतला निळा फ्रॉक घातला. सण नसताना डुकराच्या मटणाचं सोरपोतेल केलं. "आज कुणाचं लग्न?" असं बेनीनं विचारलं, तेसुद्धा तिला गोड लागलं. नवरा एकदा गप्प बसला, एवढ्यावर बाई किती दिवस काढू शकते हे ज्याचं त्याला ठाऊक.

तिसऱ्या दिवशी कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या. ज्युलिया ओट्यावर भातवालीशी बोलत होती. धावत आत आली तर डाळ करपलेली, आणि कुकरपासून हातभर अंतरावर स्टुलावर बसून बेनी पायाची नखं काढतोय. धूर नाकात गेल्यावर त्यानं वर बघितलं. "शिट्टी झाली का गं?"

तेव्हा तिला कळलं. तो गप्प बसला नव्हता. त्याला ऐकूच गेलं नव्हतं.

प्रेसनं त्याच्या कानातले वरचे आवाज एकेक करून खाल्ले होते. खालचे शाबूत होते. ट्रक, ढोल, बेस, अल्फान्सोचा खोकला. पण शिट्टी नाही, चिमण्या नाहीत, दाराची कडी नाही. आणि ज्युलिया तर नाहीच नाही.

ती कुणाला बोलली नाही. तोही बोलला नाही. पण बँडमध्ये ते लपेना. ॲम्पवर, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीवर, तीन बटणं असतात, खालच्या सुराचं, मधल्याचं आणि ट्रेबलचं, म्हणजे वरच्या धारेचं. शिवाय गिटारवर टोनचं एक. बेनीला धार ऐकू येईना, तसा तो ट्रेबल वाढवू लागला. त्याच्या कानाला जेमतेम बरं वाटेपर्यंत वाढवला, की बाकीच्यांच्या कानात सुया. चकाल्याला एका बाप्तिस्म्याच्या पार्टीत पाहुणे तोंडं वाकडी करून बेसकडे बघू लागले. ज्युलिया पहिल्या रांगेत होती. लाजेनं तिला घाम फुटला आणि ती हातातला पंखा जोरजोरात हलवू लागली. तो वसईच्या मावशीनं दिलेला, ताडाच्या पानाचा, लाल काठाचा. बेनीची नजर तिच्या तोंडावर गेली, पंख्यावर गेली. त्याचा हात हळूच ट्रेबलवर गेला आणि बटण मागे फिरलं. ज्युलियाचा पंखा थांबला. मांडीवर पडला.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या लग्नात त्यानं भीतीनं धार इतकी मारली, की बेस रजईत गुंडाळल्यासारखा गुदमरला. तेव्हा तिनं पंखा उलटा धरला, दांडी वर. तो समजला.

झालं, एवढीच भाषा. पंखा जोरात हलला, टोचतंय, कमी कर. दांडी वर, वाढव. पंखा मांडीवर आडवा, बरोबर आहे. ह्या विषयावर दोघांत एक अक्षर बोलणं झालं नाही. नवरा-बायकोची इतकी समजूत त्यांच्या संसारात दुसऱ्या कशावरही झाली नव्हती.

किंमत ज्युलियानंच भरली. जानेवारीच्या थंडीतसुद्धा पंखा बघून तिची चुलतबहीण ल्युसी सगळ्या बायकांत म्हणाली, "ज्युले, एवढ्यातच अंगातून वाफा? वय झालं गो तुझं!" ज्युलिया तेव्हा एकतीस वर्षांची होती. "झालं बाई," ती म्हणाली.

अशी सहा वर्षं गेली.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात अल्फान्सोचा जावई बहरीनहून आला आणि बेसच्या तारांची दोन पाकिटं घेऊन आला. तारा दोन जातीच्या. चपटी म्हणजे वरून पातळ पट्टी गुंडाळलेली, बोट फिरवलं तर रेशीम, आवाज शिसवी दार लावल्यासारखा घुमा. गोल म्हणजे वरून गोल तार वेटोळलेली, बोट घसरलं तर करवत, आवाज झणझणीत. बेनीच्या गिटारावर इतकी वर्षं चपटीच होती. ज्युलियाला ठाऊक होतं, त्या चपट्या तारांनीही नवऱ्याला निम्मं सांभाळलंय. चपट्या तारेवर ट्रेबल कितीही चढवा, ती फार तर कुरकुरते. गोल तार चावते.

अल्फान्सोच्या अंगणात प्रॅक्टिस होती. दोन्ही पाकिटं खुर्चीवर ठेवलेली. ज्युलिया चहा घेऊन आली होती.

"गोल लाव, बेनी," अल्फान्सो म्हणाला. "जुहूच्या हॉटेलचा माणूस आगेऱ्याच्या सणाला ऐकायला येणार आहे. ख्रिसमसचा सगळा आठवडा देतो म्हणतो. त्याला डिस्को पायजे. तुझा हा आजोबांचा आवाज नाही चालणार."

"लावू की," बेनी म्हणाला. "तारेत काय आहे, हातात असतं सगळं."

ज्युलियाच्या तोंडून निघून गेलं, "अल्फान्सो, चपटीच राहू दे ना. ह्याच्या हाताला तीच बसते."

बेनीनं कप खाली ठेवला.

"ऐकलं का रे जयवंता? आता ही सांगणार तार कुठली लावायची! कपडे वाळत घालायची तार आणि बेसची तार, हिला दोन्ही सारख्याच." सगळे हसले. हसू आलं की बेनीला राहवत नसे. "तुला माहीत नाही, तू तेव्हा चड्डीत होतास. आमच्या लग्नात ही गायला उभी राहिली. अरे, मांडवातली कुत्री उठून गेली! मी माइक घेतला, म्हटलं, लोकहो, काळजी करू नका..."

पुढचं वाक्य अर्ध्या बँडनं त्याच्याबरोबर म्हटलं. अठरा वर्षांत पाठ झालं होतं. जयवंत हसला, मग ज्युलियाकडे बघून हसू आवरू लागला.

इथवर ज्युलियाला सवय होती. चामडी जाड झालेली असते, त्याच जागी पुन्हा मारलं तर कळतही नाही. पण बेनी पुढे गेला.

"आणि आता बघा, दर लग्नात पहिल्या रांगेत बसते, आणि पंखा असा हलवते, असा! जशी काय हीच बँड चालवतेय!" त्यानं प्रॅक्टिसची वही उचलून तिची नक्कल केली. जोरात, मग उलटी, मग मांडीवर. तिन्ही खुणा, अंगणभर माणसांसमोर. ड्रमवाला धोंडू पोट धरून हसला.

ते पंख्याचं करायला नको होतं.

ज्युलियानं कप गोळा केले. एक कप धोंडूच्या पायाखाली होता, तो वाकून काढला. फाटकापाशी अल्फान्सो तिच्या मागोमाग आला.

"वाईट वाटून घेऊ नको," तो म्हणाला. "ज्युली, एक सांगतो. तू समोर बसतेस म्हणून हे सहा वर्षं चाललंय, हे मला कळत नाही असं समजू नको. मी बोललो नाही. पण हॉटेलवाला तुझा पंखा नाही बघणार. त्या दिवशी बेनीचा आवाज टोचला, तर दुसऱ्या दिवसापासून त्या जागेवर जयवंत. चांगला वाजला तर बेनीच, माझा शब्द."

"मग मी काय करू?"

"समोर बस. नाहीतर नको बसू. तुझं तू बघ."

घरी येताना ती क्रुसापाशी थांबली. मेणबत्ती लावायचं मनात होतं, पण काडेपेटी नव्हती. ह्या बँडच्या खुर्चीशिवाय बेनीजवळ काय होतं? प्रेस होता. प्रेसवर त्याला कुणी नावानं हाक मारत नसे, आणि मारली असती तर ऐकू आली नसती. शनिवारी संध्याकाळी तो बूट पॉलिश करायला बसायचा तेव्हाच तो माणूस दिसायचा. हे सगळं तिला माहीत होतं. हे माहीत नसताना जे घडलं असतं, त्याला चूक म्हणता आलं असतं.

बेनीनं गोल तारा चढवल्या. पहिला आठवडा त्या कडाडल्या, आणि ज्युलियानं प्रॅक्टिसला खिडकीत बसून पंखा हलवला. त्यानं निमूट बटण मागे घेतलं. अंगणातल्या नकलेबद्दल तो चकार बोलला नाही. त्याच्या लेखी ती गंमत होती, आणि गंमत झाली की संपते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात प्रेसच्या तेलकट हातांनी तारा मळल्या. वेटोळ्यांत घाम आणि वंगण बसलं, धार मेली, आवाज गोल आणि भरीव झाला. अल्फान्सो म्हणाला, "वा, आता बसली बघ!" बेनीनं मान कलती करून ऐकलं. "पहिल्यापासून अशीच होती," तो म्हणाला.

म्हणजे सगळं आपोआप सुरळीत झालं होतं. ज्युलियानं काहीच केलं नसतं तरी बेनी तरला असता.

आगेऱ्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी बेनी कामावर गेला. ज्युलियानं गिटार खाटेवर आडवं घेतलं. खुंट्या सैल केल्या, चारही तारा उतरवल्या, वेटोळं करून पातेल्यात घातल्या, मूठभर धुण्याचा सोडा टाकला आणि पातेलं स्टोव्हवर चढवलं. जुन्या तारा अशा दहा मिनिटं उकळल्या की मळ सुटतो आणि दोन-चार दिवस तार कोऱ्यासारखी वाजते. नव्या तारा मिळणं मुश्किल, तेव्हा बेसवाल्यांच्या घरोघर हेच चालायचं. ज्युलियानं आजवर कितीदा तरी हे केलं होतं. पण दर वेळी बेनीनं सांगितल्यावर.

आज कुणी सांगितलं नव्हतं.

पाणी काळं झालं. तिनं तारा पुसल्या, उन्हात फडक्यावर वाळवल्या, जाडीच्या क्रमानं परत चढवल्या. मग अंगठ्यानं एक छेडली. गिटार कशाला जोडलेलंही नव्हतं, तरी तार सुरीसारखी निघाली.

संध्याकाळी बेनीनं सूर जुळवले. "तारा धुतल्यास वाटतं? चकाकताहेत."

"आगेरा आहे ना."

"बरं केलंस," तो म्हणाला. आवाजाचं काही बोलला नाही. बोलणार तरी कसा?

आगेरा म्हणजे नव्या भाताचा सण, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. सकाळी शेतातून लोंब्यांची पेंढी वाजतगाजत चर्चमध्ये आणली, फादरनी आशीर्वाद दिला. लुगडी नेसलेल्या म्हाताऱ्यांनी लोंब्या घरी दाराला लावायला नेल्या. जेवणं झाली. चारला पटांगणात बँड उभा राहिला. ऊन होतं, त्यामुळे आज पंखे सगळ्याच बायकांच्या हातात होते.

ज्युलिया पहिल्या रांगेत मधोमध बसली. शेजारी ल्युसी, फुग्यांची पिशवी मांडीवर घेऊन. फुगे म्हणजे तळलेले गोड गोळे. गाणं सुरू व्हायच्या आधीच ल्युसीनं त्यातले चार संपवले. दोन खुर्च्या सोडून हॉटेलचा माणूस, पांढरी पँट, पांढरे बूट. स्टेजच्या कडेला जयवंत स्वतःचं गिटार खोळीत घालून उभा होता. अल्फान्सोनं बोलावलं होतं. बेनीनं त्याच्याकडे बघून डोळा मारला. "ये रे, ये. शिकून घे."

पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधी बेनीनं एक तार वाजवून समोर बघितलं. ज्युलियाचा पंखा मिटल्या हातात होता, कुठलीच खूण नाही. तो थांबला. अजून नाही. मग त्यानं हात वर केला आणि दोन चुटक्या वाजवल्या, कुत्र्याला बोलावतात तशा. टक, टक. चल, लवकर.

ज्युलियानं पंखा उलटा धरला. दांडी वर.

बेनीनं ट्रेबल वाढवला. धोंडूनं ठेका धरला आणि गाणं सुटलं.

पहिल्या फटक्यालाच ल्युसीच्या हातातला फुगा थांबला. त्या धुतलेल्या तारा, त्यावर ती बोटं, त्यावर ते बटण. ताटावर खिळा ओढल्यासारखा आवाज, दर ठेक्याला एक. बेनीनं ज्युलियाकडे बघितलं. दांडी वरच. त्यानं गिटारवरचं टोनचं बटणही शेवटपर्यंत उघडलं.

"ज्युले, तुझ्या नवऱ्याला काय झालं गो?" ल्युसी ओरडली.

"कुठं काय? मला तर बरं वाटतंय."

मागच्या रांगेतलं एक तान्हं रडायला लागलं. नाचायला उठलेली जोडपी परत बसली. हॉटेलवाल्यानं करंगळी कानात घालून हलवली, जणू दोष कानाचा आहे. अल्फान्सो गाता गाता वळून बेनीला भुवयांनी काहीतरी सांगू लागला. पण बेनीनं सहा वर्षांत अल्फान्सोकडे बघितलं नव्हतं, तो पंख्याकडे बघत होता. मग अल्फान्सोनं ज्युलियाकडे बघितलं. तिनं त्याच्या डोळ्यांत बघून पंखा होता तसाच धरला.

बेनी वाकला आणि ॲम्पवरचा ट्रेबल पार टोकाला नेला.

ॲम्पचा तो आवाज समोरच्या माइकनं पकडला आणि भोंग्यांतून एक लांबलचक, बारीक किंकाळी निघाली. थांबेचना. पटांगणातल्या तीन-चारशे माणसांचे हात एकदम कानांवर गेले. बायकांचे पंखे गळून पडले. फादरनी डोळे मिटले. जयवंतनं तळहातानं एक कान दाबला, दुसऱ्या हातात गिटार होतं. अख्ख्या पटांगणात फक्त दोन माणसांचे हात कानावर नव्हते. एक वाजवत होता, कारण त्याला ऐकू येत नव्हतं. दुसरी समोर ताठ बसून सगळं ऐकत होती. एक थेंबही तिनं वाया जाऊ दिला नाही.

आणि मग तिनं पंखा सरळ केला आणि मांडीवर आडवा ठेवला.

बरोबर आहे.

बेनी तिच्याकडे बघून हसला. स्टेजवरून, तिच्याकडे बघून, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

अल्फान्सोनं मागे जाऊन बेसची वायर उपटली. बेनी आणखी थोडा वेळ तसाच वाजवत राहिला, हसऱ्या तोंडानं. मग छातीला लागणारी थरथर थांबल्याचं त्याला कळलं असावं. त्यानं गिटारकडे बघितलं, वायरकडे बघितलं. जयवंत मान खाली घालून आला, आपली वायर जोडली आणि उरलेलं गाणं पुरं केलं. त्याच्या गिटारावर चपटी तार होती. शिसवी दार हळूच लागावं तशी ती वाजली, आणि पटांगणात लोक पुन्हा नाचायला उठले.

संपल्यावर जयवंत बेनीच्या गिटारचा गळपट्टा द्यायला ज्युलियापाशी आला. "आंटी," तो हळूच म्हणाला, "परवा प्रॅक्टिसला ह्या तारा मेलेल्या होत्या. आज एकदम कोऱ्या वाजल्या. कुणी उकळल्या काय?"

"आगेऱ्यासाठी," ज्युलिया म्हणाली.

त्यानं तिच्याकडे एकदा नीट बघितलं. त्यानंतर तो तिच्याशी नेहमी अदबीनंच बोलला, पण तिच्या तोंडाकडे बघून कधी नाही.

घरी बेनी बूट न काढता खाटेवर बसला. अंधारायला आलं होतं. ज्युलियानं दिवा लावला. तो म्हणाला, "पंखा मांडीवर होता."

सहा वर्षांत पहिल्यांदा तो शब्द दोघांमध्ये बोलला गेला. ज्युलियाचा हात बटणावरच राहिला.

"होता."

"म्हणजे बरोबर होतं."

सांगायची जागा हीच होती. तुला ऐकू येत नाही बेनी, मी मुद्दाम केलं, तारासुद्धा मीच उकळल्या. तीन वाक्यं. ती वर्षानुवर्षं साठवलेली सगळी वाक्यं तिच्या घशाशी आली, आणि तिला दिसलं, की तो तिच्या ओठांकडे बघतोय. कुत्रं ताटाकडे बघतं तसा.

"बरोबर होतं," ती म्हणाली.

"वाटलंच मला. त्या अल्फान्सोलाच कान नाहीत." त्यानं बूट काढले आणि दोन वाट्या भात जेवला.

अल्फान्सोनं शब्द पाळला. ख्रिसमसचा आठवडा बँडला मिळाला, आणि जुहूला बेसवर जयवंत उभा राहिला. बेनीनं मात्र गावठाणात नवंच सुरू केलं. बेकरीत, क्रुसापाशी, न्हाव्याकडे, जिथं माणूस भेटेल तिथं तो सांगायचा, "कान पायजे तर माझ्या ज्युलियाचा! ती म्हणाली बरोबर होतं, म्हणजे बरोबर. सोन्याचा कान आहे. अरे, आमच्या लग्नात गायली होती, विचारा कुणालाही. मी वाजवायचा थांबलो, का? ऐकत राहिलो म्हणून!"

हेच ऐकायला ज्युलियानं अठरा वर्षं काढली होती. आता रोज ऐकायला मिळायचं, दुपारी आणि संध्याकाळी, पदर पसरायची गरज नव्हती. आणि लोक ते ऐकून तिच्याकडे बघायचे, आगेऱ्याची ती किंकाळी आठवायचे, ही बाई हात मांडीवर ठेवून बसली होती ते आठवायचे, आणि मान डोलवायचे. "नवरा बहिरा, बायको त्याहून बहिरी," ल्युसी घरोघर सांगून आली, आणि वर तोंडावर म्हणाली, "तूपण एकदा डॉक्टरला दाखव गो."

ज्युलियानं नोव्हेंबरात धीर केला. चर्चमध्ये क्वायरच्या मास्टरला जाऊन भेटली. घसा आता बरा आहे, म्हणाली, ख्रिसमसच्या गाण्यांना मी येऊ का? मास्टर फार सभ्य माणूस. त्यांनी चष्मा पुसला. मग जरा मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून, कमी ऐकू येणाऱ्याशी बोलतात तसं म्हणाले, "या ना, जरूर या. पुढच्या बाकावर बसून ऐका."

ती घरी आली. बेनी ओट्यावर गिटार घेऊन बसला होता. ॲम्प अल्फान्सोचा होता, त्यानं तो परत नेला होता. नुसत्या तारा कोरड्या वाजत होत्या.

"कुठं गेली होतीस? पंखा घेऊन ये," तो म्हणाला. "आणि इथं बस, समोर."

हवेत गारवा होता. ज्युलियानं आतून पंखा आणला आणि पायरीवर बसली. तो वाजवू लागला. तेच जुनं, मांडवातलं गाणं. तिनं नळ सोडला नव्हता, दार लावलं नव्हतं. ती त्याच्यापासून दोन हातांवर बसून, वरच्या सुरात, पहिली ओळ गायली, दुसरी गायली, तिसरीही गायली. सूर जरा घासला होता. अठरा वर्षांनी मोकळा सुटला, घासणारच.

बेनीनं तिचे ओठ हलताना बघितले. बोटं थांबली.

"काय म्हणतेस?"

"काही नाही. वाजव."

"बरोबर आहे ना?"

ज्युलियानं पंखा मांडीवर ठेवला.